बंबकाकांनी झाडाला सलाईन लावलं

पाणी या विषयात आपल्याला कोणी काही शिकवू नये, असं बंबकाकांचं स्पष्ट मत होतं. उभा जन्म आगीच्या बंबावर काढलेल्या माणसाचं दुसरं काय मत असणार? निवृत्त होऊन वर्षं झाली तरी सगळी इमारत त्यांना बंबकाकाच म्हणायची. त्यामुळे मुलीने अ‍ॅव्होकॅडोचं कुंडीतलं झाड माहेरी आणून ठेवलं आणि पाण्याचं जरा जपून करा असं बजावलं, तेव्हा ते नुसते हसले.

मुलीने ते झाड बीपासून वाढवलं होतं. दिवस राहिल्याचं कळलं त्याच आठवड्यात तिने ती बी पेल्यातल्या पाण्यावर टेकवून ठेवली होती. आता झाड गुडघ्याच्या वर गेलं होतं, मांडीवर छकुली आली होती, आणि तिच्या घरात उन्हाची एकही खिडकी नव्हती. झाड गॅलरीत ठेवून होतंय तोच बंबकाकांनी मनातलं बोलून टाकलं. मुलीची रजा उन्हाळ्याच्या तोंडाशी संपणार होती. मग छकुलीला पाळणाघरात कशाला ठेवायचं? आजोबा दिवसभर घरात बसून असतात की.

मुलीने आईकडे बघितलं. आई इस्पितळात मोठी सिस्टर होती. ती अजून नोकरीत होती, आणि बंबकाकाही तिला घरात सिस्टरच म्हणत. या गृहस्थांच्या हातून पिंजऱ्यातला पोपट उडून गेला होता आणि काचेच्या भांड्यातले मासे जास्त खाऊन मेले होते, हे तिने डोळ्यांनी पाहिलं होतं.

"आधी हे झाड जगवून दाखवा," ती म्हणाली, "मग नात मागा."

मायलेकी पोट धरून हसल्या आणि दोन मिनिटांत ते विसरूनही गेल्या. बंबकाका विसरले नाहीत.

पावसाळ्यात त्यांनी झाडाला बंबाच्या पद्धतीने पाणी घातलं, म्हणजे धूर यायचा थांबेपर्यंत. आता झाडातून धूर येतच नसल्यामुळे थांबायचं कधी, ते त्यांना कळेना. वरून पावसाच्या सरी होत्याच. कुंडीखालची ताटली भरून वाहू लागली, आणि खालच्या मजल्यावरचे वकील गॅलरीत वर्तमानपत्र वाचताना भिजले. त्यांनी वर बघून कायद्याची दोन कलमं ऐकवली. त्यापेक्षा वाईट म्हणजे झाड पिवळं पडलं आणि त्याने मान टाकली.

सिस्टर ड्यूटीवरून आली, तिने मातीत बोट खुपसलं आणि पेशंट पाण्यात बुडतोय असं निदान केलं. मग तिने बंबकाकांना समोर बसवून शिकवलं. बोट दोन पेरं आत घालायचं. ओलं लागलं तर मुकाट्याने परत फिरायचं. कोरडं लागलं तर तळाच्या भोकातून निथळेपर्यंत घालायचं आणि ताटलीतलं पाणी फेकून द्यायचं. थंडीत झाड कमी पितं, तेव्हा आणखी कळ काढायची. उन्हाळ्यात मात्र रोज बघायचं.

बंबकाकांनी एवढं सगळं ऐकलं, पण मनात ठसलं ते फक्त कळ काढायचं. थंडीत ते त्यांना छान जमलं. झाडाला नवी तांबूस पानं फुटली. मग काय विचारता! पाणी न घालणं हीसुद्धा एक कला आहे, असं ते जिन्यात भेटेल त्याला सांगू लागले. वकिलांनी या कलेला मनापासून पाठिंबा दिला.

अशा कौतुकात थंडी कधी सरली ते त्यांच्या ध्यानातच आलं नाही. ऊन गॅलरीत चांगलं आतपर्यंत येऊ लागलं होतं, आणि बंबकाका कळ काढतच होते. एका दुपारी बघतात तर झाडाने पुन्हा मान टाकलेली! पानांची टोकं करपलेली! आणि रविवारी मुलगी येणार होती, पाळणाघराचं काय करायचं ते ठरवायला. बंबकाकांच्या तोंडचं पाणी पळालं.

खरी अडचण अशी की पाणी जास्त झालं तेव्हाही झाड असंच दिसलं होतं. मग आता जास्त झालं की कमी? बोट घातलं तर माती ठणठणीत कोरडी. त्यांनी भीतभीत पेलाभर पाणी घातलं आणि समोर स्टूल घेऊन बसले. संध्याकाळपर्यंत एक पान उठलं नाही. तेव्हा त्यांनी स्वतःच निदान केलं, की ही तहान नाही, हा अशक्तपणा आहे.

आणि अशक्तपणावरचं औषध कपाटात होतं. मागच्या वर्षी उलट्या-जुलाबांनी ते अंथरुणाला खिळले होते, तेव्हा सिस्टरने घरीच सलाईन लावलं होतं आणि दुसऱ्या दिवशी ते आपल्या पायांनी चहा करायला उठले होते. त्यातल्या काही बाटल्या उरल्या होत्या. रोज सिस्टर कामाला गेली की बंबकाका कपडे वाळत घालायच्या दोरीला बाटली टांगत, नळी मातीत खोचत आणि थेंब थेंब सोडत. ती यायच्या आत सगळं आवरून ठेवत आणि झाड वाळत्या कपड्यांआड सरकवत. पानं अधिकच करपत चालली तसा ते डोस वाढवत गेले.

रविवारी मुलगी ठरल्या वेळेच्या आधीच आली. जिन्यात तिला ड्यूटीवरून परतणारी आई भेटली. दोघी छकुलीला घेऊन थेट गॅलरीत आल्या. दोरीला बाटली लटकत होती, नळी खोडाला चिकटपट्टीने लावली होती, खाली पानांचा सडा पडला होता, आणि बंबकाका कुंडीवर हात ठेवून बसले होते.

"अहो, सलाईन म्हणजे काय, ठाऊक आहे का तुम्हाला?" सिस्टरने विचारलं.

"ताकद," बंबकाका म्हणाले.

"मिठाचं पाणी आहे ते! माणसाला चालतं. या झाडाला मीठ म्हणजे विष."

बंबकाकांनी नळीची चकती फिरवून थेंब बंद केले. मग मुलीकडे न बघता म्हणाले, "पाळणाघरातच ठेव तिला. मी नापास झालो."

कशात नापास, ते मुलीला कळेना. सिस्टरला मात्र आपली ती अट आणि ते हसणं आठवलं. तिने ती चिकटपट्टी पाहिली. काढताना सालीला इजा होऊ नये म्हणून तिचं टोक दुमडून ठेवलं होतं. त्यांच्या हातावर पट्टी लावताना ती स्वतः अगदी तसंच करायची.

"मी चेष्टा केली होती हो," ती हळूच म्हणाली. मग तिने पदर खोचला. "बसू नका आता. बादली आणा. मीठ धुऊन निघेपर्यंत पाणी मारा, तुमच्या पद्धतीने."

बंबकाकांनी बादल्यांवर बादल्या ओतल्या. खाली वकिलांनी न बोलता छत्री उघडली. झाडाची उरलेली पानंही पुढच्या काही दिवसांत गळाली, पण खोड हिरवं राहिलं, आणि पुढे त्याला बुंध्याशी एक कोंब आला.

त्या रविवारी संध्याकाळी निघताना मुलीने छकुलीला बापाच्या हातात दिलं.

"बाबा, झाडाला तोंड नव्हतं, म्हणून तुमची गल्लत झाली. हिला आहे. काय हवं ते ती सांगेल. सोमवारपासून आणून सोडते."

सोमवारी छकुलीने सांगायला सुरुवात केली ती थांबेचना. घर डोक्यावर घेतलं तिने. दूध दिलं, नको. लंगोट बदलला, नको. बंबकाकांनी तिला खांद्यावर घेतलं, मांडीवर घेतलं, सगळं घर फिरवून आणलं. शेवटी घामाघूम होऊन त्यांनी मुलीला फोन लावला.

"अगं, सांगतेय ती, पण काय सांगतेय ते कळत नाही."

"आम्हालाही कळत नाही, बाबा. उचलून घ्या."

"उचललंच आहे. सकाळपासून खाली ठेवलेली नाही."

"मग खाली ठेवून बघा."

त्यांनी तिला सतरंजीवर ठेवलं. छकुली तत्क्षणी गप्प झाली, पाय उडवू लागली आणि छताकडे बघून खुदकन हसली. आजोबांकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही. बंबकाका थोडे दुखावले. पण उठले मात्र नाहीत, तिथेच शेजारी जमिनीवर आडवे झाले आणि छतात एवढं काय आहे ते बघू लागले.