आठमाही रस्ता

नाशिकच्या वेशीवर, परवा-परवापर्यंत द्राक्षबाग असलेल्या जमिनीवर 'नंदनछाया' ही वसाहत रीतसर मंजुरी घेऊन उभी राहिली. तिला एक रस्ता मंजूर होता आणि एक पावसाळी नालाही मंजूर होता. फक्त दोन्ही मंजुऱ्या जमिनीच्या एकाच पट्ट्याला मिळाल्या होत्या.

ही गोष्ट तिथे राहणाऱ्या निलोफर पठाणच्या जुलैत लक्षात आली. शाळेला निघाली, तर गेटाबाहेर रस्त्याच्या जागी गुडघाभर पाणी धावत होतं. निलोफर भूगोल शिकवायची. तिने अर्ज लिहिला.

"आमच्या नकाशात तिथे बारा मीटरचा रस्ता आहे," रस्ते विभागाचे साहेब म्हणाले. "पाणी आलं असेल तर ते अतिक्रमण समजावं."

ड्रेनेजचे साहेब त्याच मजल्यावर, पलीकडच्या केबिनमध्ये बसत. "आमच्या नकाशात तिथे नाला आहे. नाल्यात पाणी आहे ही काय तक्रार झाली, मॅडम? उलट तुम्ही नाल्यातून ये-जा करता, याचा खुलासा मागवावा लागेल."

"पण सर, पाणी उताराकडेच जाणार ना?"

"उतार सर्वेक्षण विभागाकडे येतो."

सात अर्ज वाया गेले. आठव्याला मात्र दोन्ही विभाग एकदम जागे झाले. सोमवारी रस्तेवाल्यांनी मुरूम टाकून पट्टा उंच केला. गुरुवारी ड्रेनेजवाल्यांना नाल्यात बेकायदा भराव आढळला. त्यांनी तो उकरला. पुढच्या सोमवारी रस्तेवाल्यांना विनापरवाना खोदकाम सापडलं. महिनाभरात दोघांचंही काम शंभर टक्के पूर्ण झाल्याचे अहवाल गेले. मधे सिटी बसचा थांबाही मंजूर होऊन त्याचा खांब रोवला गेला. बस एकदाच आली, लांबूनच बघून मागे फिरली. खांबाचा उपयोग पाणी किती चढलं ते बघायला होऊ लागला.

ऑगस्टात निलोफरच्या सासूबाई सकीनाबी, म्हणजे घरातल्या अम्मी, न्हाणीघरात घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. अॅम्ब्युलन्स पट्ट्याच्या पलीकडे येऊन थांबली. "मॅडम, पाणी उतरलं की येतो," ड्रायव्हर फोनवर म्हणाला. शेवटी शेजारच्या मळ्यातले देवराम ट्रॅक्टर घेऊन आले. ट्रॉलीत गादी टाकली, गादीवर अम्मी, अम्मींवर छत्री. छत्री धरून निलोफर रडत होती, ती भीतीने कमी आणि संतापाने जास्त.

"बाई, खरा नाला हितं नव्हताच," देवराम मागे वळून म्हणाले. "तुमच्या बिल्डिंगीच्या आवारातून जायचा. बिल्डरनं बुजवला, वर फरशी ठोकली. पाणी बिचारं लय दिवस वाट हुडकतंय."

ऑपरेशन नीट झालं. अम्मी घरी आल्या तशी निलोफरने जुना गावनकाशा मिळवला आणि दोन्ही साहेबांना सोसायटीच्या सभेत बोलावलं. ती अर्धा तास बोलली. टाळ्यांचा कडकडाट झाला. सर्वांत जोरात चेअरमन थेटे यांच्या. एकच नकाशा दोघांनी मिळून पाहण्याची साहेबांची ही पहिलीच वेळ. ते गहिवरले.

"मॅडम, तुमचं शंभर टक्के बरोबर," ड्रेनेजचे साहेब म्हणाले. "नाला मूळ जागी नेऊ, रस्ता मोकळा करू. सोमवारी जेसीबी लावतो. संमतीपत्रावर तेवढ्या सह्या द्या. मूळ नाल्यावरचं तुमचं पार्किंग काढावं लागेल."

सभा गार पडली. थेट्यांनी घड्याळ पाहिलं. कुणाला तरी गॅसवरचं दूध आठवलं.

"दुसरा काही पर्याय?" मागून कुणीतरी विचारलं.

"आहे ना," रस्त्याचे साहेब म्हणाले. "आहे तसंच ठेवायचं. आठमाही रस्ता म्हणून नोंद करू. पावसाळ्यात तो नाला धरायचा."

सगळ्यांच्या नजरा निलोफरकडे वळल्या. तिची नजर खिडकीतून खाली गेली. पार्किंगमध्ये, दुसऱ्या रांगेत, तिची नवी गाडी उभी होती. सीटवरचं प्लॅस्टिकसुद्धा अजून काढलं नव्हतं. वरच्या मजल्यावर अम्मींच्या वॉकरची टकटक ऐकू येत होती.

निलोफरने घसा साफ केला.

"सर, तसा पावसाळा असतोच किती? चार महिने."

"लिहा," ड्रेनेजचे साहेब कारकुनाला म्हणाले, "नागरिकांच्या आग्रहावरून." मग पेनाला टोपण लावत रस्त्याच्या साहेबांकडे वळले, "आणि लोक नावं आपल्याला ठेवतात!"