चार बोटांचं अंतर

केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याने प्रेमात पडावं की पडू नये, याबद्दल सेवानियमांत एक अक्षर नाही. पडल्यावर त्याने ते लिहून काढावं का, याबद्दल मात्र नियम आहे आणि तो चांगला उदार आहे. लिखाण निव्वळ साहित्यिक असेल तर परवानगीची गरज नाही. विश्राम सबनीस यांचं जे काही झालं ते या उदारपणामुळे झालं, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

विश्रामराव मूळचे कराडचे. तीन वर्षांपूर्वी बदली होऊन चंदीगडला आले आणि आम्हा इथल्या मराठी मंडळींत सामील झाले. केंद्रीय मोजपट्टी प्रमाणन कार्यालयात वरिष्ठ तपासनीस. बाजारातली मोजपट्टी म्हणते तेवढीच लांब आहे का, हे दुसऱ्या मोजपट्टीने मोजणारं हे कार्यालय. ती दुसरी मोजपट्टी कोण मोजतं, हे तिथे विचारायची पद्धत नाही. बायको शालिनी सेक्टर बत्तीसच्या इस्पितळात सिस्टर. मुलगी स्वराली अकरावीत. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर हिंदीत येतं.

अशा सरळ घरातल्या माणसाने पन्नाशीला टेकल्यावर एक प्रेमकादंबरी लिहिली. नाव ‘सेक्टर तेरा’. चंदीगडच्या मूळ आराखड्यात तेरा नंबर गाळलेला होता. जो सेक्टर नाहीच, तिथे भेटायचं ठरवणारे दोन प्रेमी, अशी कल्पना. लिहून होता होता प्रशासनाने तो नंबर शहराच्या कडेच्या मनीमाजऱ्याला देऊन टाकला, तरी यांनी नाव बदललं नाही. हट्टी माणूस!

पुण्याच्या कृष्णकांत नावाच्या प्रकाशकांना कादंबरी आवडली. “झकास आहे, छापू,” ते फोनवर म्हणाले. “पण तुम्ही पडलात सरकारी माणूस. ऑफिसचा कागद आणा, नाहीतर उद्या आमच्या गळ्याशी यायचं.”

“अहो, पण नियमाप्रमाणे परवानगी लागतच नाही.”

“मग लागत नाही, असा कागद आणा.”

उपसंचालक ढिल्लोंसाहेब मनाने फार मोकळे. परवानगीची गरज नाही, हे त्यांनी तत्काळ मान्य केलं. फक्त गरज नसल्याचा दाखला देण्यापूर्वी लिखाण निव्वळ साहित्यिक आहे याची खात्री करणं भाग होतं आणि खात्री म्हटली की समिती आली. समितीत दोघे, स्वतः ढिल्लों आणि हिंदी अधिकारी मिश्रा. दोघांनाही मराठी येत नव्हतं. पण लिपी देवनागरीच असल्याने ही अडचण समितीने अडचण म्हणून मान्य केली नाही.

“तेरा मतलब किसका?” मिश्रांनी मुखपृष्ठावरच विचारलं.

“किसी का नहीं सर. तेरह. बारह के बाद वाला.”

“लिखा तो तेरा है. शासकीय कर्मचारी के मुँह से ‘तेरा’ शोभा नहीं देता. ‘आपका’ कीजिए.”

कादंबरीचं नाव ‘सेक्टर आपका’ झालं.  नावापेक्षा आतला मजकूर महत्त्वाचा, अशी विश्रामरावांनी मनाची समजूत घातली. प्रत्येक नव्या लेखकाला ती घालावी लागते, फक्त इतक्या लवकर नाही.

पुढे एक वाक्य होतं, ‘सुखना तलावाच्या काठी दोघांमध्ये चार बोटांचं अंतर होतं.’ ते वाचून ढिल्लोंसाहेब खुलले.

“बोटां! ओ जी, पंजाबी में भी बोटां ही कहते हैं. लेक का सीन है. चार बोटों का फ़ासला रखा है लड़के ने. शरीफ़ मुंडा है!”

खुलासा करायला विश्रामरावांनी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. मधे चार बोटी ठेवून केलेल्या प्रेमाला कुठल्याही समितीचा आक्षेप असायचं कारण नव्हतं. आयतं मिळतंय ते कशाला घालवा? इथेच ते फसले.

कारण कार्यालय मोजमापाचं. अंतर ‘बोट’ या एककात नोंदवणं नियमात बसेना. ते मीटरमध्ये हवं होतं. मग निरीक्षक गुलाटी यांना कार्यालयाची प्रमाणित मोजपट्टी देऊन सुखना तलावावर पाठवण्यात आलं. गुलाटी कामाला चोख. पॅडलच्या बोटीचं एक टोक त्यांनी धरलं, दुसरं धरायला वाकले आणि सरळ पाण्यात गेले. त्यांना लोकांनी बाहेर काढलं. मोजपट्टी अजून तळाशी आहे.

गुलाटी कपडे पिळत असताना इकडे समिती पुढच्या वाक्यावर आली होती. ‘तिने हळूच त्याच्या ओठांवर बोट ठेवलं.’

दोघांनी वाक्य पुन्हा एकदा वाचलं.

“हळूच मतलब?” मिश्रांनी विचारलं.

“धीरे से.”

“धीरे से भी रखी, तो आदमी बचेगा?”

आता आली का पंचाईत! इथलं बोट हाताचं आहे म्हणावं, तर मघाचीही बोटं हाताचीच ठरणार. म्हणजे शरीफ मुंडा चार बोटींवरून थेट मुलीच्या कुशीत येऊन बसणार आणि दाखला गेला.  शेवटी मिश्रांनीच तोड काढली. ‘बोट’ हा इंग्रजी शब्द. राजभाषेच्या धोरणाला धरून सगळीकडे ‘नाव’ करावं. शिवाय नाव लाकडाची, वजनाला हलकी. नायकाच्या जिवाचा धोका त्या मानाने कमी.

एवढ्यात गुलाटींची तक्रार आली. सदर कादंबरीमुळे माझे कपडे, माझी प्रतिष्ठा आणि सरकारी मोजपट्टी, तिन्ही पाण्यात गेली, सबब लेखकावर कारवाई व्हावी. तक्रार निकाली निघेपर्यंत दाखला देता येत नाही. पण ढिल्लोंसाहेबांनी विश्रामरावांच्या खांद्यावर हात ठेवला.

“टेंशन नहीं लेना. कल एक राजीनामा लिख के दे दो. मामला ख़तम.”

उत्तरेत राजीनामा म्हणजे तडजोड. दोन माणसं भांडतात, मग दोघं राजी होतात, तसं लिहून देतात, चहा पितात आणि घरी जातात. पंजाबात रोज शेकड्यांनी राजीनामे होतात आणि कुणाची नोकरी जात नाही. हे आम्हाला ठाऊक होतं, भाजीवाल्याला ठाऊक होतं. कराडच्या विश्रामरावांना ठाऊक नव्हतं. त्यांनी कराडचा अर्थ लावला आणि ते पांढरेफटक पडले.

घरी येऊन त्यांनी सांगितलं तेव्हा शालिनीबाई पोळ्या लाटत होत्या.

“राजीनामा मागितलाय.”

“कुणी? का? अहो, पुस्तक लिहिलंत, दरोडा नाही घातलात!”

अभ्यासातून मान वर न करता स्वराली म्हणाली, “पापा, राज़ीनामा ही तो माँगा है. दे दो ना यार. सब देते हैं.”

“बघा, बघा तुमची लेक!” शालिनीबाईंनी लाटणं आपटलं. “बापाची नोकरी चाललीय आणि ही म्हणते सब देते हैं!”

स्वरालीला आई कशाने भडकली ते कळेना. तिने कानात गाणी घातली. या पोरांनी कानात काही घातलं नसतं, तर निम्मी मराठी घरं वाचली असती. असो.

विश्रामरावांनी रात्रभर विचार केला आणि सकाळी शुद्ध हिंदीत अर्ज लिहिला, ‘मैं अपना राजीनामा दे रहा हूँ. कृपया स्वीकार करें.’ ढिल्लोंसाहेबांनी गुलाटींना बोलावून खाली सही करायला लावली आणि आनंदाने ‘स्वीकृत’ असा शेरा मारला. साहेबाने इतक्या आनंदाने आपल्याला घालवावं, हे विश्रामरावांच्या फार मनाला लागलं. गुलाटींनी मिठी मारली तीही त्यांना चीड आणणारी वाटली. ते घरी आले आणि घरीच राहिले.

दाखला टपालाने आला. परवानगीची गरज नाही, मात्र बोटऐवजी नाव छापावं. त्यामागून ढिल्लोंसाहेबांचा फोन आला.

“विश्राम जी, कहाँ हो? आते क्यों नहीं?”

“सर, मैंने तो राजीनामा दिया था.”

“हाँ जी, मंज़ूर भी हो गया!”

“तो फिर आऊँ कैसे?”

“कमाल है! राज़ीनामा हो गया, तभी तो आना है!”

असं बरंच चाललं, मग विश्रामराव स्वतःच कार्यालयात गेले. शेवटी मिश्रांनी शब्दकोश काढला आणि सगळ्यांच्या डोक्यात उजेड पडला. ढिल्लोंसाहेब पोट धरधरून हसले. गुलाटीसुद्धा हसले. मग मिश्रांनी चष्मा पुसला.

“हँसने की बात नहीं है. मराठी में यह त्यागपत्र है और इस पर ‘स्वीकृत’ लिखा है. हिंदी में समझौता है. फ़ाइल एक है, सो भाषा भी एक होगी. सबनीस जी लिखकर दें कि उनके शब्द किस भाषा के माने जाएँ.”

म्हणजे हिंदी म्हटलं तर राजीनामा ही तडजोड, नोकरी शाबूत, क्वार्टर शाबूत, आणि पुस्तकात बोटाच्या जागी नाव. मराठी म्हटलं तर बोट हे बोट राहील आणि नोकरी जाईल. ढिल्लोंसाहेबांनी अगदी कळवळून सांगितलं, “ओ जी, हिंदी लिख दो. एक लफ़्ज़ ही तो है.”

एकच शब्द होता, खरं आहे. पण ते बोट शालिनीबाईंचं होतं. चंदीगडच्या पहिल्या हिवाळ्यात विश्रामराव तलावाच्या काठी बसून बदलीच्या नावाने कटकट करत होते. इथे आपलं कोण आहे, इथे कोण आपलं बोलतं, असं सारखं. तेव्हा बाईंनी हातमोज्यातून हात काढला, त्यांच्या ओठांवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, “मी आहे की.” कादंबरी त्या बोटातून निघाली होती. बाकीची सगळी पानं त्या वाक्यापर्यंत पोचायला लिहिली होती.

त्यांनी शालिनीबाईंना दुरुस्त केलेलं पान दाखवलं. ‘तिने हळूच त्याच्या ओठांवर नाव ठेवलं.’

बाईंनी दोनदा वाचलं. “मी काय तुमच्या ओठांना नावं ठेवली होती?”

“नोकरी राहील, शालिनी.”

“आणि मी? मी नाही राहिले यात.” त्यांचे डोळे भरून आले, मग त्यांना स्वतःचाच राग आला. “माझा पगार आहे. भाड्याने राहू. लिहा मराठी. माझं बोट आहे ते!”

विश्रामरावांनी मराठी लिहून दिलं. सरकारी क्वार्टर सुटलं. मोहालीच्या पुढे खरड नावाचं गाव आहे, तिथे जागा स्वस्त मिळाली. लेखकाचा पत्ता म्हणून यापेक्षा योग्य गाव भारतात नसावं. आता ते सरकारी माणूस नसल्यामुळे कृष्णकांतांना कुठलाच कागद नको होता. ‘सेक्टर तेरा’ नाव न बदलता, बोट न हलवता, छापून आली.

गणपतीत आम्ही मराठी मंडळींनी प्रकाशनाचा सोहळा केला. आमचे अध्यक्ष नंदकुमार भाषण करताना गहिवरले. “एका शब्दासाठी नोकरीवर पाणी सोडणारा माणूस आपल्यात आहे,” ते म्हणाले, “मराठी जगणार!” टाळ्या थांबेनात. बायका शालिनीबाईंच्या बोटाकडे बघत होत्या आणि बाई पदराखाली हात लपवत होत्या.

बटाटेवड्यांचं टेबल आणि पुस्तकांचं टेबल एकमेकांना खेटून मांडलं होतं. वडे संपले.

नंदकुमारांनी अध्यक्ष या नात्याने भेट प्रत मागितली. मी एवढ्या वर्षांच्या स्नेहाच्या नात्याने मागितली. एका तरुणाने पीडीएफ आहे का विचारलं, म्हणजे सगळ्यांनाच ग्रुपवर टाकता येईल आणि सरांचं नाव घरोघर पोचेल. स्वराली लाजत म्हणाली, “पापा, हिंदी में कब आएगी?” विश्रामराव सगळ्यांकडे बघून हसत होते. अख्ख्या समारंभात पुस्तक विकत घेणारा माणूस एकच निघाला. गुलाटी. त्यांना मराठीचं अक्षर येत नव्हतं.

“मैं पानी में गिरा, वो किस पन्ने पे है जी?” ते विचारत होते.

आता इतकं वाचल्यावर तुम्हालाही वाटत असेल, की ही कादंबरी वाचायला हवी बुवा. मिळते कुठे? दुकानात मिळते. हे ऐकून तुम्ही काय म्हणाल ते मला ठाऊक आहे, कारण मीही तेच म्हणालो होतो. सवड काढू, बघू, कुणीतरी घेतलंच असेल, त्याच्याकडून आणू. तुमचंही मराठीवर प्रेम आहेच, त्याबद्दल शंका नाही. तुमच्यात आणि त्या दुकानात अंतर चारच बोटांचं आहे. फक्त ती बोटं कुठल्या भाषेतली, ते एकदा लिहून द्या.