इंटरलॉक केलेलं इंजिन

"गॅस्केट म्हणजे काय हो? इंजिनाचं अस्तर!" असं मास्तरांनी गॅरेजमध्ये चार माणसांसमोर छाती काढून सांगितलं, आणि सगळा घोळ तिथून सुरू झाला.

मास्तर म्हणजे शिंपी. शाळेत त्यांनी कधी कुणाला शिकवलं नाही, पण गळ्यात टेप आणि कानावर खडू असला की लोक आपोआप मास्तर म्हणतात. तर झालं होतं असं, की त्यांची जुनी गाडी दुकानाच्या दारात उभ्या उभ्या तेल गाळत होती. गॅरेजवाल्यानं बॉनेट उघडून आत डोकावलं आणि सांगितलं, "इंजिनाच्या दोन झाकणांखालची गॅस्केटं गेलीत. झाकण घट्ट बसावं, फट राहू नये म्हणून मध्ये ही कॉर्कची चकती असते. तुमच्या गाडीची तयार मिळायची नाहीत आता. शीट आणून कापावी लागतील. गाडी ठेवून जा."

"कापायची? म्हणजे बेतायचं आणि कापायचं?"

"हो."

"आणि ते तुम्ही करणार? माझ्यासमोर?"

झालं. कॉर्कची शीट काखोटीला मारून मास्तर गाडीसकट परत आले.

घाई होती, कारण रविवारी संध्याकाळी गाडी जायची होती. हे ठरवलं होतं त्यांच्या बायकोनं. दुकानातली काजं-बटणं, तुरपाई, गिऱ्हाइकांशी गोड बोलणं आणि मास्तरांशी स्पष्ट बोलणं ही सगळी खाती तिच्याकडे. दारातलं तेल गिऱ्हाइकांच्या पायांना लागून आत यायचं. परवा तर बेतायला पसरलेल्या पांढऱ्याशुभ्र कापडावर एक अख्खा बूट उमटला, टाचेपासून चवड्यापर्यंत. बायकोनं आरडाओरडा केला नाही. तिनं धाकट्या भावाला फोन लावला, "रविवारी संध्याकाळी दोरी घेऊन ये, गाडी भंगारात ओढून न्यायचीय," एवढं सांगितलं आणि परत काज करायला बसली. समोरच्या इस्त्रीवाल्यानं ही बातमी दुपारपर्यंत गल्लीभर केली.

मास्तरांनी हातातली कात्री खाली ठेवली. ती गाडी त्यांच्या उस्तादांची होती. त्यांनीच मास्तरांना कात्री धरायला शिकवलं होतं. जाताना त्यांनी मशीन मुलाला दिलं आणि गाडी यांना. गाडीत बसलं की मागून उस्ताद "सावकाश, मोटार आहे, कात्री नाही," म्हणतायत असं मास्तरांना अजून वाटायचं. ती गाडी गेली असती तर मास्तर भर दुकानात रडले असते.

"हे बघ," ते बायकोला म्हणाले, "मी गॅस्केटं बसवल्यावर एक थेंब जरी गळला तरी ने म्हणावं खुशाल."

"एक थेंब," बायको म्हणाली. "लक्षात ठेवा."

रविवारी सकाळी मास्तरांनी बॉनेट उघडलं आणि नेमके तेव्हाच कॉलेजचे प्राध्यापक कोटाच्या ट्रायलला हजर झाले. कोटाला एकच बाही लागली होती, तीही कच्च्या टाक्यांवर. मास्तरांनी कोट त्यांच्या अंगावर चढवला, टाचण्या टोचल्या, "जरा असेच उभे राहा सर," म्हणाले आणि त्यांच्या ओंजळीत इंजिनाचे बोल्ट ठेवले. टाचण्यांमुळे सरांना हात खाली करता येईना. त्यामुळे ते तसेच राहिले.

जुनी गॅस्केटं उसवायच्या हत्यारानं खरवडून निघाली. मग मास्तरांनी टेप काढून झाकणाचं माप घेतलं. सवयीनं इंजिनाला "श्वास सोडा जरा" असंही म्हणाले. कॉर्कवर खडूनं आखणी झाली. कात्री अशी सुरेख चालली की प्राध्यापकांनी मान डोलावली. कॉर्क मास्तरांना जरा पातळ वाटला, म्हणून त्यांनी दोन थर घेतले. मग काठ चिमटीत धरून बघितला.

"सर, कुठल्या रंगाचा दोरा लावू?"

"दोरा?" प्राध्यापकांनी विचार केला. "इंजिन करडं आहे. करडाच शोभेल."

मशीनचा आवाज आतून बराच वेळ येत राहिला. बायकोला वाटलं, सरांची दुसरी बाही चाललीय. तिला बरं वाटलं.

दुपारी झाकणं बसली. कडेनं कॉर्कची दोन-दोन बोटं रुंद झालर बाहेर आली होती. मास्तरांना ती आवडली. त्यांनी गाडीखाली पांढरं कापड अंथरलं आणि बायकोला हाक मारली, "अगं, ये, ट्रायल आहे." मग किल्ली फिरवली.

गाडी खोकली आणि सुरू झाली. मास्तर ऐटीत खाली उतरले. तेवढ्यात झालर तापलेल्या नळीला लागून धूर निघाला. मागोमाग झाकणाच्या काठाला तेलाचा एक थेंब आला. त्याच्या शेजारी दुसरा, मग तिसरा. बघता बघता झाकणाभोवती थेंबांची माळ झाली, सगळे थेंब एकमेकांपासून सारख्या अंतरावर. खालच्या कापडावर नक्षी उमटली.

"शिलाई मात्र एकसारखी आहे, मास्तर," प्राध्यापक म्हणाले.

बायकोनं आत हात घालून गाडी बंद केली आणि वाकून बघितलं.

"हे काय आहे?"

"इंटरलॉक."

"कशाला?"

"काठाचे धागे सुटू नयेत म्हणून."

"कॉर्कला धागे असतात?"

मास्तरांनी झालर निरखली. "नसतात."

"दोरा वातीसारखा तेल ओढून बाहेर आणतोय. आणि कडेनं ही एवढी जास्तीची माया का सोडली?"

"पुढे-मागे सैल करायची वेळ आली तर असावी म्हणून."

"इंजिन काय जाड होणार आहे?"

"आजवर झालं नाही," मास्तर म्हणाले. "पण सांगता येत नाही."

ते पायरीवर मटकन बसले. "राहू दे. हरलो मी. येऊ दे तुझ्या भावाला."

बायकोनं त्यांच्याकडे बघितलं, मग गॅस्केटकडे बघितलं. नवऱ्याचा रडवेला चेहरा तिला नवा नव्हता. गिऱ्हाईक रागावलं की तो व्हायचाच. पण बिघडवलेलं काम असं उघड्यावर पडलेलं तिला बघवेना, तेसुद्धा गिऱ्हाइकासमोर.

"उठा," ती म्हणाली. "शीट उरलीय का?"

तिनं झाकण सरळ कॉर्कवर ठेवलं, भोवती रेघ मारली आणि रेघेवरून कापलं. दोन थर नाहीत, माया नाही, दोरा नाही. काजाच्या छिन्नीनं बोल्टची भोकं पाडली. झाकणं पुसून लख्ख केली. बोल्ट आधी हातानं, मग पान्यानं, एकदा इकडचा, एकदा तिकडचा, असे थोडे थोडे आवळले.

"एकदम एकच बाजू आवळली तर कॉलरसुद्धा वाकडी बसते," ती म्हणाली. कोपरापर्यंत तेल, नाकावर तेल. मास्तर पाने देत होते. काही मदत करायला गेले की ती नुसता हात पुढे करायची आणि ते पाना देऊन मागे सरकायचे.

तेवढ्यात मेव्हणा आला, खांद्यावर दोरीचं वेटोळं घेऊन.

"ताई कुठाय, भाऊजी?"

मास्तरांनी बोट दाखवलं. बॉनेटखालून दोन पाय दिसत होते.

"थांब तू," पाय म्हणाले. "ट्रायल व्हायचीय."

नवं पांढरं कापड अंथरलं गेलं. बायकोनं गाडी सुरू केली आणि चालू ठेवली. सगळे कापडाकडे बघत उभे राहिले. इंजिन चांगलं तापलं, तिनं ते दामटून बघितलं, मग बंद केलं. कापड कोरं होतं.

"मग?" मेव्हणा म्हणाला. "बांधू का दोरी?"

"हात तर लावून बघ गाडीला," ताई म्हणाली.

मास्तरांना भरून आलं. "मला ठाऊक होतं गं, तुझाही जीव आहे तिच्यात."

"माझा कशाला असेल?" बायको हात पुसत म्हणाली. "पण हे आता माझ्या हातचं काम आहे. माझ्या हातचं काम मी भंगारात देत नाही. आणि ती किल्ली इकडे द्या. आजपासून बॉनेटला तुम्ही हात लावायचा नाही. स्टिअरिंगलाही नाही. तुम्ही परत काहीतरी शिवून ठेवाल."

मास्तरांनी किल्ली दिली. ती गाडीत बसली. शेजारी भाऊ बसला. मागे एका बाहीचे प्राध्यापक बसले, त्यांना घरी सोडायचं होतं. मास्तर दार उघडायला पुढे झाले.

"तुम्ही कुठे? दुकान कोण सांभाळणार?"

गाडी वळणावर दिसेनाशी झाली. रस्त्यावर तेलाचा टिपूस नव्हता. मेव्हण्यानं उतरवून ठेवलेली दोरी हातात धरून मास्तर पायरीवर उभे राहिले.

समोरचा इस्त्रीवाला हातातलं काम टाकून हळहळत आला. "गेली ना शेवटी? वाईट झालं, मास्तर. इतक्या वर्षांची गाडी."

"गाडी कुठली जातेय," मास्तर म्हणाले. "गाडी राहिली. निकालात मी निघालोय."