सासूबाईंचा केक आणि शेवटची फेरीबोट

"नकाशा? मास नदीच्या काठाने जायला मला नकाशा लागत नाही!" गेर्ब्रांटने सायकलच्या पुढच्या क्रेटमधल्या केकच्या खोक्यावर थाप मारली. "चारला सफरचंदाच्या बागा, सहाची फेरीबोट, साडेसहाला पलीकडे सासूबाई. लिहून घ्या!"

त्येर्ड आणि लुब्बर्ट या त्याच्या मित्रांनी लिहून घेतलं नाही, नुसता विश्वास ठेवला.

गेर्ब्रांटचा सगळा जीव त्या खोक्यात होता. गेल्या वर्षी तो सासूबाईंचा वाढदिवस साफ विसरला, तेव्हापासून त्या त्याच्याशी फक्त हवामानाविषयी बोलत. आज त्यांना ऐंशी पूर्ण! केकवर साखरेचा भलामोठा ८० लिहवून घेतला होता.

बागा फुलांनी पांढऱ्याशुभ्र झाल्या होत्या. बांधाखालच्या कॉफीच्या दुकानापुढे पन्नासेक सायकली होत्या. 'इथे कोण चोरतंय?' म्हणत तिघे इतरांसारख्याच किल्ल्या कुलपात आणि खोकं क्रेटमध्ये ठेवून आत बसले. दुसरी कॉफी येते तोच त्येर्डची नजर भिंतीवरच्या वेळापत्रकावर गेली.

"गेर्ब्रांट, शेवटची बोट सहाला ना?"

"मग!"

"ती मे महिन्यापासून, लेका! एप्रिलात पाचला!"

घड्याळात चार चाळीस. धक्का सात किलोमीटरवर. आणि पूल गाठायचा तर बावीस!

गेर्ब्रांट धावत सुटला. क्रेटवाली काळी सायकल, खोकं जागेवर, चल! वारा समोरून मुस्काटात मारत होता.

"सीट उंच कशी झाली रे?"

"तूच आखडला असशील! मार पायडल!" लुब्बर्ट ओरडला.

वाटेत मेंढ्या आडव्या आल्या. चार मिनिटं गेली! धक्का दिसला तेव्हा फाटक खाली येत होतं.

"थांबा!" गेर्ब्रांट जिवाच्या आकांताने ओरडला. "सासूबाईंचा वाढदिवस आहे!"

नावाड्यालाही सासू असावी. त्याने मुकाट्याने फाटक वर घेतलं.

सासूबाईंच्या घरी पाहुणे गोल मांडलेल्या खुर्च्यांवर बसले होते. तिकडच्या रिवाजाप्रमाणे प्रत्येकाचा हात हातात घेऊन अभिनंदन करत गेर्ब्रांट मधे पोचला आणि ऐटीत खोकं उघडलं.

केकवर लिहिलं होतं, ५०.

गेर्ब्रांटने झाकण पुन्हा लावायला हात पुढे केला. सासूबाईंनी चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला.

"पन्नास!" त्या लाजल्या. "या घरात डोळे असलेला माणूस एवढा एकच! ये, माझ्याशेजारी बस."

सगळ्यात मोठा तुकडा त्याच्या बशीत पडला. त्येर्ड कानाशी लागला, "गप्प बस आणि खा." गेर्ब्रांटने तोंडाशी घास नेला तेवढ्यात त्याचा फोन वाजला.

"खोक्यावर तुमचा नंबर आहे!" पलीकडच्या बाईचा आवाज सगळ्या खुर्च्यांपर्यंत घुमला. "नवऱ्याने केक आणायला नेलेली माझी सायकल कुठाय? आणि आज मला पन्नास पूर्ण झाली, केकवर ऐंशी! नवऱ्याला मी घराबाहेर उभं केलंय! आता तो ऐंशीचा केक तुमचा होता, हे तुम्हीच येऊन सांगा!"

सासूबाईंनी गेर्ब्रांटच्या हातातली बशी अलगद काढून घेतली.

"तुझा केक नदीपलीकडे आहे."

मग खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "वारा पडलेला दिसतोय."