गुलाबरावांची पावडर

गुलाबराव नाक चिमटीत धरून सकाळचं पेय प्यायला बसले की आमची अख्खी आळी खिडक्या लावून घ्यायची. मुंबईहून एसटीने येणाऱ्या डब्यातली ती पावडर दुधात कालवली की ओल्या घोंगडीसारखा वास सुटे. "वासाचं सोडा," ते म्हणत, "आत अमिनो आम्लं आहेत. स्नायूला कळतं."

कर्जतच्या एका कचेरीत आमची टेबलं शेजारी होती. गुलाबरावांनी लग्न केलं नव्हतं. फोडणीचं तेल स्नायूंना मानवत नाही, असं कारण सांगत. या अमिनोचं कौतुक इतकं चाले, की ही बाई राहते तरी कुठे, असं आमच्या हिने एकदा मला विचारलं. नगरच्या शरीरसौष्ठव स्पर्धेत उतरायचं, एवढाच त्यांचा ध्यास.

आईबाप लहानपणीच गेले, तेव्हा त्यांना वाढवलं ते तालमीतल्या भिकोबा वस्तादांनी. पण हा डबा घरात आला आणि वस्तादांनी त्यांना तालमीचा उंबरा बंद केला. पावडर खाऊन अंग कमावणारा माझा चेला न्हाई, म्हणाले. तेव्हापासून दोघांचं बोलणं तुटलं.

दुष्काळाच्या वर्षी वस्ताद क्षयाने अंथरुणाला खिळले. डॉक्टरांनी इंजेक्शनं चालू केली, वर दूध-अंडी द्यायला सांगितली. गावात चहापुरतं दूध मिळेना. गुलाबराव रोज कचेरीआधी तिकडे जाऊ लागले. पावडर गरम पाण्यात कालवायची, गूळ-वेलदोडा घालायचा आणि सातूचं पीठ म्हणून पाजायची. आजारी वस्तादांनी त्यांना घरात येऊ दिलं, पण बोलत नसत. इकडे स्पर्धा तोंडावर आली होती. मी आठवण केली, तर पुढच्या वर्षी बघू म्हणाले आणि फायलीत डोकं घातलं.

स्पर्धेच्या दिवशी मी वस्तादांना बघायला गेलो. ते भिंतीला टेकून बसले होते, गुलाबराव पेला धरून होते. वस्तादांनी मध्येच त्यांचा दंड चाचपला.

"लई वाळलास रं."

"दुष्काळ हाय, वस्ताद."

वस्तादांनी त्यांच्या हातातला पेला हुंगला. मग म्हणाले, "उद्यापासनं दोगांचं कालव. त्या डब्यात तेवढं असंल न्हवं?"

गुलाबराव पेला धुवायला म्हणून परसात गेले. बराच वेळ झाला तरी आत आले नाहीत.