भट्टीवाली आणि भास्करभाऊ

आमच्या शेजारचे भास्करभाऊ दर रविवारी दुपारी आमच्या जेवणाच्या टेबलाशी बसून स्वतःला जाळून घेतात आणि लगेच चपला घालून घरी जातात. पोरांनो, तुम्ही पाठवलेल्या पत्त्यांच्या खेळाचं बुऱ्हाणपुरात हे असं झालं आहे, आणि मला ते अजिबात मान्य नाही.

खेळ सगळ्यांनी मिळून खेळायचा आहे. समोर एक खलनायक, त्याचे पत्ते आपोआप उलगडतात. आपण सगळे वीर एका बाजूला. मी नियमांची पुस्तिका पेन्सिलीने खुणा करत वाचली. तुमच्या आजोबांनी बर्फवाला घेतला, कारण त्याला फारसं हलावं लागत नाही. मी ढालवाली झाले. भास्करभाऊंनी मात्र सगळा खोका पालथा घातला आणि केसांतून ज्वाळा निघणाऱ्या पोरीचं चित्र उचललं. तिचं इंग्रजी नाव त्यांच्या जिभेवर बसेना. म्हणाले, "ही आपली भट्टीवाली."

बुधवारा बाजारात त्यांचं मिठाईचं दुकान. मावा जिलबी तळण्यात त्यांचा जन्म गेला, तेव्हा दुसरं कोण निवडणार?

या भट्टीवालीची रीत अशी: ती समोरच्या सगळ्यांना एकदम भाजते, आणि स्वतःला चटका लावून घेतला तर आग दुप्पट होते. पुस्तिकेत 'करू शकता' असं लिहिलं आहे. 'केलंच पाहिजे' असं नाही. हा फरक मी मुलांना शाळेत तीस-एक वर्षं शिकवला. भास्करभाऊंना शिकवू शकले नाही.

"अहो, तिचा जीव थोडाच उरलाय. पुढच्या फेरीत मी ढाल देते, तोवर दम धरा."

"ढाल तुमच्यासाठी ठेवा, वहिनी. लाकूड चुलीत घातलं, की जळलंच पाहिजे ना?"

"पण तुम्ही मराल!"

"मरू द्या ना. मी बसलोय ना भट्टीवर! तुम्ही दोघं सोच कायको करता?"

आणि पत्ता आपटायचा. वापरलेल्या पत्त्यांना ते राख म्हणतात. चहा होईपर्यंत त्यांची राख झालेली असते, खलनायक अर्धमेला असतो, आणि भास्करभाऊ उठलेले असतात. "चला, आपलं काम निपटलं."

मला खरा राग येतो तो इथे. वीर पडला तरी खेळणारा बाद होत नाही. पत्ता उलटा करायचा आणि दर फेरीला इतरांना थोडी मदत करायची, असा स्वच्छ नियम आहे. मी तो मोठ्याने वाचूनही दाखवला.

"पडलेल्याचं काय काम असतं, वहिनी?" एवढंच बोलून ते गेले. सोमवारी सकाळी गॅलरीतून ओरडून विचारलं, "मेला का तो?"

मेला होता. दर वेळी मरतो, कारण अर्धा त्यांनीच भाजलेला असतो. पण जिंकणं या माणसाने एकदाही पाहिलेलं नाही. ही काय खेळायची पद्धत झाली?

हल्ली त्यांचा उजवा हात कापतो. मुलाने दुकानातली भट्टी काढून गॅसची शेगडी बसवली, तळायला कारागीर ठेवला आणि सांगितलं, "बाबा, आता तुम्ही फक्त आराम करा." मुलगा वाईट नाही. पण तेव्हापासून भास्करभाऊ दुकानात जात नाहीत. गल्लीतल्या लग्नालासुद्धा आहेर देऊन दारातून परततात.

मागच्या रविवारी मी त्यांच्या चपला लपवल्या. हो, मी. भट्टीवाली पडली, ते उठले, दारात गेले आणि परत आले.

"वहिनी, हे बराबर नाही."

"नियम मोडणंही बराबर नाही. बसा."

आजोबा हातातल्या पत्त्यांआड हसत होते. भास्करभाऊ फणकाऱ्याने बसले. "मग वाचा तरी, या पोरीचं काय लिहिलंय."

मी मराठी करत वाचलं. लहानपणी तिच्याच आगीने तिचं घर जळालं. तेव्हापासून ती डोंगरावर एकटी राहते. संकट आलं की लोक बोलावतात, ती येते, लढते आणि परत जाते.

भास्करभाऊ एकदम तडकले. "म्हणजे काम झालं की हिला कोणी थांब म्हणत नाही? कसली माणसं आहेत ही?"

"लोक म्हणत असतील. तीच थांबत नसेल!" मीही तडकून म्हटलं.

पत्त्याच्या कडेवरून अंगठा फिरवत भास्करभाऊ म्हणाले, "हलवाई पंगतीत कुठं बसतो, वहिनी? कढई उतरवायची, सामान बांधायचं, निघायचं. हातात झारा नसला, की चार लोकांत कसं बसायचं, ते आपल्याला येतच नाही."

मी त्यांचा पत्ता उलटा केला आणि मदतीच्या ओळीवर बोट ठेवलं. पुढच्या फेरीला त्यांनी मला एक जादा पत्ता दिला, त्याच्या पुढच्या फेरीला आजोबांना. थोड्या वेळात बर्फवाल्याने खलनायकाला गारद केलं. आजोबांनी टाळी वाजवली.

भास्करभाऊ आमच्या दोघांकडे बघत राहिले. "आता काय करायचं?"

"काही नाही," मी म्हटलं. "बसायचं."

त्यांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले, मग मांडीवर, मग परत टेबलावर. आजोबांनी शेंगदाण्यांची वाटी त्यांच्यापुढे सरकवली. भास्करभाऊंनी आधी आमच्याकडे पाहिलं, आम्ही घेतोय का ते पाहिलं, आणि मग एक दाणा उचलला.