सरांच्या कार्डावरचे शेरे

प्रबंधताईंचं कार्ड ऐन मोक्याच्या दुपारी दगा देऊन गेलं. प्रिंटरच्या डोळ्यासमोर त्यांनी ते तीनदा धरलं, पदराला पुसून चौथ्यांदा धरलं, आणि चारही वेळा छोट्या पडद्यावर एकच ओळ उमटली : ‘अशी व्यक्ती आढळली नाही.’

‘‘आढळली नाही म्हणजे? मी काय भूत आहे?’’ ताई प्रिंटरवरच डाफरल्या.

काचेपलीकडून लॅबमास्तरांनी मान वर केली. ‘‘नोंदणीची मुदत काल संपली ना तुमची, ताई. परीक्षा विभागाच्या हिशोबाने तुम्ही आज पाचपर्यंत आहात. कंप्युटरच्या हिशोबाने काल रात्रीच आटोपलात.’’

लॅबमास्तर सगळ्याच गोष्टी अशा थंडपणे सांगत. ताईंचं हे नावही त्यांनीच पाडलेलं. गेली सात वर्षं ताई ‘एवढा प्रबंध झाला की...’ असं म्हणत लॅबमध्ये येत होत्या, आणि त्यांना दुसऱ्या नावाने हाक मारणारं आता तिथे कोणी उरलं नव्हतं. विषय होता घरांच्या कड्याकुलपांचा इतिहास. सासूबाई पाहुण्यांना सांगत, ‘‘आमची सूनबाई कुलपांवर लिहितेय. किल्ली अजून सापडायची आहे.’’ पाहुणे हसत, ताईही हसत, आणि रात्री उशीत तोंड खुपसून दात-ओठ खात.

आज ते संपणार होतं. पाचच्या आत छापील प्रत परीक्षा विभागाच्या खिडकीत दिली, तर सुटका. नाही दिली, तर नोंदणी रद्द; नवा अर्ज, नवा मार्गदर्शक, कुलपं पुन्हा पहिल्यापासून. ताईंनी चष्मा काढला. पर्समध्ये चष्म्याचं पुसणं शोधता शोधता हाताला दुसरं एक कार्ड लागलं. ते सरांचं होतं.

सर म्हणजे त्यांचे मार्गदर्शक. मागच्या हिवाळ्यात ते गेले. पाठीमागे बाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, ताईंना सरांची छत्री दिली आणि हे कार्ड दिलं. ‘‘असू दे तुझ्याकडे. सवय आहे तुला त्याची,’’ एवढंच म्हणाल्या.

सवय होतीच. सरांची एक पद्धत होती आणि ती मोडायची कोणाची छाती नव्हती. ताईंनी प्रकरण मेलवर पाठवायचं. सर शेरे तोंडी सांगत नसत, मेलवर तर नाहीच नाही. ते घरूनच शेरे छपाईला लावत. मग ताईंनी त्यांच्या क्वार्टरवर जायचं, कार्ड घ्यायचं, लॅबमध्ये जाऊन ते प्रिंटरला दाखवून शेरे सोडवून आणायचे आणि कार्ड परत करायचं. परत करताना बाई चहा देत. सर वेताच्या खुर्चीत डोळे मिटून बसलेले असत, क्वचित एखादा डोळा उघडून मंद हसत. समोर इतका गरीब दिसणारा माणूस कागदावर असा अंगावर कसा येतो, हे ताईंना कधी उमगलं नाही. एका शेऱ्यावर त्या लॅबच्या जिन्यात बसून रडल्याही होत्या.

‘‘मास्तर, सरांचं कार्ड आहे माझ्याकडे. चालेल का हो?’’

लॅबमास्तरांनी कंप्युटरमध्ये डोकावून पाहिलं आणि त्यांचा चेहरा जरा उतरला. ‘‘चालू दाखवतंय. त्यांचं नाव कोणी काढलेलंच नाही, ताई. पैसेही आहेत कार्डावर.’’

म्हणजे जिवंत बाई आढळत नव्हती आणि गेलेला माणूस चालू होता. पण हे मनाला लावून घ्यायला ताईंकडे वेळ नव्हता. त्यांनी कोपऱ्यातल्या कंप्युटरवर प्रबंधाची फाईल उघडली, सरांच्या कार्डाचा नंबर टाकला, छपाईला लावली आणि प्रिंटरच्या खोलीत आल्या. सुट्टी लागल्याने लॅब ओस पडलेली. काळ्या पडद्यांच्या रांगा, आणि प्रत्येक पडद्यात एकेक ताई लगबगीने चाललेली. त्यांनी कार्ड धरलं. प्रिंटरने खाकरल्यासारखा आवाज केला आणि पडद्यावर लिहून आलं : ‘स्वागत आहे, सर.’

पहिलं पान बाहेर आलं. ते प्रबंधाचं मुखपृष्ठ नव्हतं. कोऱ्या पानावर मधोमध एकच ओळ होती.

‘पुन्हा तीच चूक.’

ताईंनी पान डोळ्यांजवळ नेलं. तो टंक त्या झोपेतही ओळखल्या असत्या. सात वर्षं त्या टंकाने त्यांचं रक्त आटवलं होतं. दुसरं पान आलं.

‘पान ४७. हे तुम्हाला कोणी सांगितलं?’

‘‘मास्तर!’’ ताई ओरडल्या. ‘‘इकडे या आधी!’’

लॅबमास्तर आले, पण उंबऱ्याच्या आत काही आले नाहीत. तिथूनच मान लांब करून त्यांनी वाचलं.

‘‘जुने असतील,’’ ताई म्हणाल्या. त्यांचा आवाज त्यांनाच परका वाटला. ‘‘सरांनी तेव्हा छपाईला लावले असतील, आपण सोडवायचे राहिले असतील. हो ना? हो म्हणा ना!’’

‘‘हो म्हटलं असतं, ताई. पण न सोडवलेली पानं कंप्युटर एका दिवसाच्या वर ठेवत नाही. आपोआप पुसतो. म्हणजे हे जे काय आहे ते...’’ मास्तरांनी प्रिंटरकडे पाहिलं, ‘‘कालपासूनचं आहे.’’

काल म्हटल्याबरोबर ताईंना आठवलं. काल रात्री प्रबंधाला शेवटचा हात फिरवून झाल्यावर त्यांनी डोळे चोळत चोळत फाईल मेलवर चढवली होती आणि पाठवून दिली होती. कोणाला? हात सात वर्षांच्या सवयीने जिथे जायचा तिथेच गेला होता. सरांना. चूक लक्षात आली तेव्हा मेल गेलेली होती. ‘जाऊ दे, आता कोण वाचतंय,’ असं म्हणून त्या झोपल्या होत्या.

‘‘काल मी सरांना प्रबंध पाठवला,’’ त्या पुटपुटल्या.

‘‘कशाला पाठवायचा, ताई!’’ लॅबमास्तर कळवळून म्हणाले. ‘‘आता तरी त्यांना सुखाने राहू द्यायचं होतं!’’

तिसरं पान सावकाश बाहेर सरकलं. ‘प्रकरण चार. दारांबद्दल एवढं लिहिलंत. दार आतून कोण लावतं, ते लिहिलं नाहीत.’ ताई ते वाचत होत्या तोच त्यांच्या मागचं काचेचं दार हलकेच फिरलं आणि खट्कन लागलं. ते दार रोजच आपोआप लागत असे. आतापर्यंत लॅबमास्तरांनी पाय अडवून ते धरलं होतं, आणि आता तो पाय मास्तरांसकट चार हात मागे गेला होता. हे ताईंना नंतर कळलं. त्या क्षणी त्यांनी कुलपांच्या इतिहासात कुठेच नोंद नसलेली एक किंकाळी फोडली.

प्रिंटरला त्याचं सोयरसुतक नव्हतं. ‘आभार. नावाआधीचं कैलासवासी काढा. बरं दिसत नाही.’ हे पान वाचून ताई खालीच बसल्या. कैलासवासी हा शब्द त्यांनी काल रात्रीच घातला होता, अगदी शेवटी, डोळे पुसत. आणि लगोलग पुढचं पान आलं. ‘आभार, शेवटची ओळ. फक्त चहा?’

त्यानंतर प्रिंटर थोडा थांबला, काही आठवत असल्यासारखा घरघरला, आणि त्याने आणखी एक पान दिलं. त्याच्यावरच्या ओळीकडे ताईंनी पाहिलं, पण डोक्यात काही शिरेना. मग ट्रेमधला कागद संपल्याचा लाल दिवा लागला आणि प्रबंध आतच राहिला.

लॅबमास्तरांनी बाहेरून दार उघडलं. हातात कागदाची रिम होती, पण ती त्यांनी छातीशी ढालीसारखी धरलेली. ‘‘ताई, कागद भरतो. तुमची मूळ फाईल मागे रांगेत उभीच आहे. छापू, खिडकीत देऊ आणि घरी जाऊ.’’

कोणीही शहाण्या माणसाने हेच केलं असतं. पण ताईंना सात वर्षांचं वळण होतं. शेरा आला आणि दुरुस्ती केली नाही, असं आजवर कधी झालेलं नव्हतं. त्यांनी पान सत्तेचाळीस उघडलं, आणि पाहतात तर काय, एकाच कुलपाचं वय वर एक आणि खाली दुसरं! प्रत्येक वाचनात त्यांच्या नजरेतून सुटलं होतं ते.

‘‘मूळ फाईल रांगेतून काढून टाका, मास्तर. मी दुरुस्त्या करते.’’

‘‘ताई, गेलेल्या माणसाचं एवढं मनावर घेतात का?’’

‘‘गेले असले म्हणून काय झालं? गाईड आहेत!’’

पान सत्तेचाळीस सुधारलं. दार आतून लावणाऱ्या बायकांबद्दल एक परिच्छेद चौथ्या प्रकरणात घातला. तो इतका भरभर सुचला की ताईंना स्वतःचंच नवल वाटलं. कैलासवासी काढला. पण ‘फक्त चहा?’ याचं काय करायचं ते कळेना. आभाराची शेवटची ओळ अशी होती : ‘गुरुपत्नींनी वेळोवेळी दिलेल्या चहाबद्दल त्यांचीही मी ऋणी आहे.’ सरांना यात काय खटकलं? बाई कधी चहाबरोबर बिस्किटंही देत, ती राहिली म्हणून? चहाचं सांगू शकणारं एकच माणूस होतं. सरांचं क्वार्टर लॅबच्या समोरच होतं. ताईंनी कागद गोळा केले आणि चपलेचा एक पट्टा न लावताच धावत सुटल्या.

बाई व्हरांड्यात बसल्या होत्या. समोर वेताची खुर्ची तशीच होती. ‘‘ये. म्हटलं आज उशीर का लावलास,’’ त्या म्हणाल्या.

‘‘बाई, घाबरू नका,’’ ताई स्वतः लटपटत म्हणाल्या, ‘‘पण सरांच्या कार्डावर शेरे आलेत.’’

‘‘येणारच. तू प्रबंध पाठवलास, मी शेरे लावले.’’

‘‘तुम्ही?’’

‘‘मग कोण? काल मेल आली, रात्रभर बसून वाचलं.’’ बाईंनी चष्मा वर केला. ‘‘सत्तेचाळीस पानावर काय गोंधळ घातलायस ग? सात वर्षांत एवढंही कळू नये?’’

ताईंना त्या आवाजात तो टंक ऐकू आला, आणि त्या वेताच्या खुर्चीवर मटकन बसल्या. सात वर्षं, दर शेऱ्यानंतर, हाच हात कपबशी पुढे करत होता आणि हेच तोंड ‘साखर पुरे ना?’ विचारत होतं.

‘‘आधीचे सगळे शेरेसुद्धा...?’’

‘‘सगळे. ते कसले शेरे देतात! माया फार त्यांना. वाचून झालं की डोळे मिटायचे आणि म्हणायचे, ‘छान आहे, जाऊ द्या.’ कसंही असलं तरी छान! मी म्हटलं, अशाने पोरगी तोंडघशी पडेल. त्यांचा शब्द मी कधी या घराबाहेर जाऊ दिला नाही.’’

‘‘मग मला फोन तरी करायचा होता, बाई! मी तिथे अर्धी झाले.’’

‘‘शेरे फोनवर सांगायची पद्धत आहे का आपली?’’

‘‘आणि कैलासवासी?’’

बाईंनी जरा वेळ समोरच्या रस्त्याकडे पाहिलं. ‘‘ते नाही वाचवत मला. राहू दे नुसतं नाव.’’

ताईंना एकदम भरून आलं. सरांसाठी आलं, बाईंसाठी आलं आणि जिन्यात बसून भलत्याच माणसाच्या नावाने रडलेल्या स्वतःसाठीही आलं. ‘‘चहाची ओळ मी बदलते,’’ त्या म्हणाल्या. ‘‘आत्ता जाऊन बदलते.’’

‘‘बदल. बघू दे बरं, सगळे आले का माझे.’’ बाईंनी कागद हातात घेतले आणि एकेक मांडीवर ठेवू लागल्या. ‘‘तीच चूक, हा माझा. सत्तेचाळीस, माझा. दाराचा माझा. नावाचा. चहाचा.’’ शेवटच्या पानाशी त्या थांबल्या. ते पान त्यांनी उजेडात धरलं, उलटं करून पाहिलं, पुन्हा सुलटं केलं.

त्यावर लिहिलेलं होतं : ‘छान आहे. जाऊ द्या.’

‘‘हा माझा नाही,’’ बाई हळूच म्हणाल्या. ‘‘मी छान लिहीत नाही.’’

‘‘जुना असेल,’’ ताई म्हणाल्या, आणि म्हणता म्हणताच त्यांना लॅबमास्तरांचं बोलणं आठवलं. जुनी पानं कंप्युटर ठेवत नव्हता. वाऱ्याची झुळूकही नव्हती, तरी दोघी एकदमच वेताच्या खुर्चीकडे पाहू लागल्या. मग तिच्यात आपण बसलोय हे ताईंच्या लक्षात आलं आणि त्या ताडकन उठल्या.

बाईंनी पानाची घडी घातली, पदराआड ठेवली आणि चष्मा उगाचच पुसला. ‘‘आज चहा राहू दे. पळ. जाऊ द्या म्हटलंय ना त्यांनी?’’

ताई पळाल्या. लॅबमास्तरांनी कागद भरून ठेवला होता आणि दारात खुर्चीही अडकवून ठेवली होती. प्रबंध सुरळीत छापून आला. आभाराच्या पानावर शेवटची ओळ आता अशी होती : ‘माझ्या दोन्ही मार्गदर्शकांची मी ऋणी आहे.’ खिडकीतल्या कारकुनाने घड्याळाकडे पाहिलं, ताईंच्या घामाकडे पाहिलं आणि कपाळाला आठ्या घालत का होईना, शिक्का मारला. त्या रात्री सासूबाईंनी दोन घरी फोन करून किल्ली सापडल्याचं कळवलं.

दुसऱ्या दिवशी ताई जुन्या सवयीने कार्ड परत करायला गेल्या. बाईंनी चहा दिला, पण कार्डाला हात लावला नाही.

‘‘ठेव तुझ्याकडे. मधूनमधून जात जा लॅबमध्ये. बघत जा, काही आलंय का.’’

‘‘आणि आलं तर, बाई?’’

‘‘तर आधी माझ्याकडे आण,’’ बाई म्हणाल्या आणि रिकाम्या खुर्चीकडे एक करडी नजर टाकली. ‘‘त्यांना काय, सगळंच छान वाटतं.’’